एसजीओटी वाढलंय आणि सांधे दुखतायत, म्हणजे संधिवात का?

नाही. तुम्ही लिहिलंय तसं एसजीओटी ९२ आणि दुखरे गुडघे, एवढ्यावरून संधिवात ठरत नाही. एसजीओटी हे रक्तात मोजलं जाणारं एक एन्झाइम, सहसा यकृतासाठी तपासतात. आमवातासाठी, म्हणजे संधिवाताच्या एका प्रकारासाठी, रक्तात आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी बघतात, आणि यातलं एकही एन्झाइम नाही. २०१० साली ठरलेल्या आमवाताच्या निकषांतही एन्झाइमला जागा नाही. गाउट या सांधेदुखीसाठी बघतात ते युरिक अ‍ॅसिडही एन्झाइम नव्हे.

इथेच थांबणार होतो, पण एसजीओटी वाचलं आणि राहवलं नाही.

माझं १८० आलं होतं, आणि एसजीपीटी, म्हणजे यकृतासाठी बघतात ते दुसरं एन्झाइम, १४०. जिना चढताना कठडा धरावा लागायचा, केस विंचरायला हात वर जात नव्हता, सांधेही ठणकायचे. निदान झालं 'लिव्हर'. सोनोग्राफी स्वच्छ, काविळीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. मग उरलं काय? दारू. मी पीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, मी नाही म्हणालो, त्यांनी मान डोलावली. मान कशी डोलावतात त्यावरून कळतं हो. मेव्हणा तर सरळच म्हणाला, "दाजी, आमच्यापासून काय लपवायचं?" बायकोने एका रविवारी माळा आवरायला काढला. का, विचारलं तर म्हणाली, "सहज."

आठ महिने असे गेले. मग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी मी खुर्चीतून दोन्ही हात टेकून उठतो हे पाहिलं आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) व जीजीटी (यकृताचं) लिहून दिलं. सीपीके ६४०० आलं. एरवी ते साधारण दोनशेच्या आत असतं. जीजीटी नॉर्मल. एसजीओटी फक्त यकृतात नसतं, स्नायूंतही भरपूर असतं. स्नायूंच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं, सोबत थोडं एसजीपीटीही. जीजीटी स्नायूंतून येत नाही, ते यकृताकडून येतं. पुढे ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) आणि स्नायूच्या बायोप्सीतून पॉलीमायोसायटिस पक्कं झालं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या स्नायूंवर उलटलेली. हा आजार सांधेही दुखवतो, म्हणून तुम्हाला एवढं सांगतोय. ताकद कमी झाली असेल तर सीपीके मागून घ्या. यकृताची औषधं महिनोन्‌महिने गिळत बसू नका.

आता गंमत बघा. मला मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध चालू आहे, आमवातातही तेच देतात. त्यासाठी नियमित एसजीपीटी तपासावं लागतं, यावेळी खरोखरच यकृतासाठी. आणि दारू आता डॉक्टरांच्या आदेशानेच बंद. जी कधी घेतलीच नाही ती.

हो, एक राहिलं. ९२ हा आकडा चरबीयुक्त यकृतातही येतो, तेव्हा माझी गोष्ट वाचून घाबरू नका. सीपीकेसुद्धा जोरदार व्यायाम, दंडात घेतलेलं इंजेक्शन, कोलेस्टेरॉलची गोळी किंवा थायरॉइड कमी असल्यानेही वाढतं. उलट त्वचेवर लालसर चट्टे येणाऱ्या डर्मेटोमायोसायटिसमध्ये ते कधीकधी नॉर्मल राहतं. अल्कलाइन फॉस्फेटेज, यकृताच्या रिपोर्टमधलं आणखी एक एन्झाइम, वाढलं असेल तर ते हाडातूनही येतं, लगेच यकृताला धरू नका.

जीजीटीचा तो रिपोर्ट मी मेव्हण्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही. जीजीटी नॉर्मल आलं म्हणजे माणूस पीतच नाही असं सिद्ध होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ते त्याला कुणी सांगू नका.