सायलोची धूळ आणि नाल्यातले पांढुरके पाणी

प्रश्न : आमच्या वस्तीलगत रेडिमिक्स काँक्रीटचा प्लांट सुरू झाला आहे. सिमेंटचा बल्कर (सुटे सिमेंट आणणारी बंद टाकीची गाडी) रिकामा होताना सायलोच्या, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच टाकीच्या, माथ्यावरून करड्या धुळीचे लोट उठतात आणि मिक्सर धुतलेले पांढुरके पाणी थेट नाल्यात जाते. ‘ही साधी धूळ आहे, आम्ही रोज पाणी मारतो,’ असे मालक सांगतात. हे विषारी आहे का? शिवाय सिमेंटमध्ये कोराडीच्या वीज केंद्रातली कोळशाची राख असते, तिचे काय?
— एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : तिला साधी धूळ म्हणता येणार नाही. सिमेंट ओलाव्याला लागताच तीव्र अल्कधर्मी होते, त्यामुळे डोळे व श्वासनलिका चुरचुरतात. त्यात अल्प प्रमाणात असणाऱ्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियममुळे कामगारांच्या हातांना चिवट इसब होतो. वाळू आणि राखेच्या बारीक धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेल्यास सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो आणि त्यावर बरे करणारा इलाज नाही. अर्थात सर्वाधिक धोका प्लांटच्या आत राबणाऱ्यांना असतो, हे आपण शेजारी बहुधा विसरतो.

आपण पाहिलेल्या लोटांचे कारण सरळ आहे. बल्करमधील सिमेंट दाबाच्या हवेने सायलोत चढवले जाते आणि ती हवा माथ्यावरील बॅग फिल्टरमधून गाळून बाहेर पडावी लागते. फिल्टरच्या पिशव्या तुंबल्या असतील किंवा चालकाने घाईपोटी दाब वाढवला, तर सुरक्षा झडप उघडते आणि सिमेंट हवेत उडते. झडपेखाली सायलोच्या पत्र्यावर सिमेंटचे टणक पापुद्रे धरलेले दिसले, तर हे वारंवार घडते असे खुशाल समजावे. पिशव्या वेळेवर बदलणे, दाब मर्यादेत ठेवणे आणि सायलो भरत आल्यावर बल्करची हवा आपोआप तोडणारी यंत्रणा बसवणे, हे त्यावरचे उपाय आहेत. टँकरने पाणी मारल्याने आवारातील रस्त्याची धूळ बसते, तेही नागपूरच्या उन्हाळ्यात थोडाच वेळ. सायलोच्या माथ्यावरच्या धुळीशी त्याचा काही संबंध नाही.

धुण्याच्या पाण्याचा सामू (पीएच; ७ च्या वर म्हणजे अल्कधर्मी) १२ च्या आसपास असतो, तर नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी तो ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो. एवढे अल्कधर्मी पाणी मासे आणि बेडूक तगू देत नाही. ते ओळीने बांधलेल्या टाक्यांत निवळवून पुन्हा धुण्यासाठी आणि तपासणीनंतर काँक्रीट कालवण्यासाठी वापरता येते. त्यामुळे ते बाहेर सोडण्याची गरजच उरू नये.

राखेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पोर्टलँड पोझोलाना या राखमिश्रित सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळण्यास भारतीय मानकाची मुभा आहे. राखेत आर्सेनिकसारखे घटक अंशरूपाने असतात. मात्र घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये ते बहुतांशी अडकून राहतात. शिवाय राख घातल्याने क्लिंकर (भट्टीत भाजून तयार होणारा सिमेंटचा मूळ घटक) कमी लागते, म्हणजे सुमारे १,४५० अंश सेल्सियसला तापणाऱ्या भट्टीतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा त्या प्रमाणात घटतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी आसपासच्या गावांत पसरले होते. तशा तलावात साचण्यापेक्षा ती सिमेंटमध्ये गेलेली बरी, फक्त तिची वाहतूक बंद बल्करमधूनच व्हायला हवी.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. सोबत बल्कर रिकामा होतानाची छायाचित्रे तारीख-वेळेसह जोडावीत आणि मंडळाने प्लांटला दिलेल्या संमतीपत्रातील अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी.