रिठा-शिकेकाईचा शांपू आणि कोरफडीचं लोशन प्रिझर्व्हेटिव्हशिवाय करून विकता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: खानापूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाला रिठा-शिकेकाईचा शांपू आणि कोरफडीचं लोशन करून बेळगावच्या बाजारात विकायचं आहे. त्यात 'केमिकल' नको आहे. टिकण्यासाठी व्हिटॅमिन ई घातलं तर चालेल का, आणि डोक्याला-अंगाला सौम्य कसं करायचं?

व्हिटॅमिन ईने भागणार नाही, ताई. तेल खवट होऊ न देणं एवढंच त्याचं काम. बुरशी आणि जिवाणू त्याला जुमानत नाहीत. कडुनिंबाचं तेल, हळद, कापूर, लिंबाचा रस यांचीही तीच गत. बाटलीत घालतो तेवढ्या प्रमाणात ते वासापुरते आणि लेबलावर छापण्यापुरतेच राहतात.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला, दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी शांपू-लोशन बनवून देणाऱ्या एका लहान युनिटमध्ये काम करते. गटांच्या बायका आपापल्या बाटल्या घेऊन आमच्याकडे येतात. "वास चांगला येतोय की ओ, मग खराब कसं?" हे ठरलेलं वाक्य. वास सुगंधी तेलाचा असतो. त्याखाली काय वाढतंय ते नाकाला कळत नाही, डोळ्यालाही फार उशिरा कळतं. पाण्यात वाढणारा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असल्या पातळ मालात मजेत राहतो. ज्याच्या अंगावर जखम आहे किंवा डोळ्याला इजा झाली आहे, त्याच्यासाठी तो धोक्याचा. म्हणून 'सौम्य' आणि 'टिकाऊ' हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी मानत नाही. नासलेला शांपू कसला सौम्य?

आपल्या भागात सरळ दोनच वाटा आहेत. माल बिनपाण्याचा करा, नाहीतर पाणी घाला आणि त्याच्याबरोबर नीट प्रिझर्व्हेटिव्हही घाला. उसाचा रस दुपारपर्यंत आंबतो आणि त्याच रसाची काकवी महिनोन्‌महिने टिकते, कारण जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी काकवीत उरत नाही. तुमच्या गटाला खरंच काही घालायचं नसेल तर रिठा, शिकेकाई, नागरमोथा, कपूरकाचरी यांची कोरडी पूड पाकिटात भरा. अंगाला लावायला लोशनऐवजी तेल आणि मेणाचा बाम करा. पूड उन्हात खडखडीत वाळवायची आणि पावसाळ्याआधी दळून बंद करायची. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, तिथे पूड काय वाळणार! आणि पाकिटावर 'कोरड्या चमच्यानेच काढा' हे मोठ्या अक्षरांत छापा.

रिठ्याचा काढा बाटलीत भरून विकायचा विचार मात्र सोडा. दोन-तीन दिवसांत तो आंबायला लागतो आणि बाटली फुगते. उकळून घेतला तरी काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात, गार झालं की उठतात. शिवाय रिठा नैसर्गिक असला तरी सौम्य नाही. डोळ्यात गेला तर काय होतं ते लहानपणी आजीने न्हाऊ घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता पाण्याचा शांपू. फिनेल आणि हँडवॉशचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात तुम्हाला ॲसिड स्लरी दाखवतील. ती भांड्याच्या पावडरीसाठी, डोक्यासाठी नाही. शांपूला एसएलईएस, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट हे फेस करणारं द्रव्य घ्या आणि त्याच्या जोडीला सीएपीबी, म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन. एकट्या एसएलईएसचे सुटे रेणू कातडीत शिरून ती कोरडी पाडतात. बीटेन मिसळलं की दोघांचे मिळून मोठे पुंजके बनतात आणि सुटे रेणू कमी उरतात. त्यामुळे एकूण फेसद्रव्य तेवढंच ठेवूनही चुरचुर कमी होते. सौम्यपणा 'हर्बल' शब्दातून येत नाही, तो या जोडीतून आणि कमी प्रमाणातून येतो. बायकांना फेस भरपूर हवा असतो म्हणून एसएलईएस वाढवत नेणारे मी बरेच पाहिलेत. फेस आणि स्वच्छता यांचा तेवढा संबंध नाही.

एक किलोला मी असं धरीन: अठ्ठावीस टक्क्यांचं एसएलईएस २५० ग्रॅम, तीस टक्क्यांचं सीएपीबी १२० ग्रॅम, डेसिल ग्लुकोसाइड (हेही फेसद्रव्यच) ४० ग्रॅम, ग्लिसरीन २० ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए १ ग्रॅम, सोडियम बेंझोएट ५ ग्रॅम आणि पोटॅशियम सॉर्बेट ३ ग्रॅम (ही दोन प्रिझर्व्हेटिव्हं), सुगंध ३ ग्रॅम, बाकी डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. बोअरचं पाणी नको. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही हे तुम्ही रोज बघता. त्यातले क्षार ईडीटीए बांधून ठेवतं, पण त्याचं खरं मोल वेगळं आहे. जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते काढून घेतं आणि प्रिझर्व्हेटिव्हला आत वाट करून देतं. एक ग्रॅमची वस्तू, पण ती कधी गाळू नका.

आता पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. इथे थोडा वेळ थांबते, कारण निम्मे नमुने इथेच नापास होतात. सोडियम बेंझोएट हे स्वतः काम करत नाही. आंबट पाण्यात त्याचं बेंझोइक ॲसिड होतं आणि ते ॲसिड जंतूच्या आत शिरतं. पीएच ४.२ असला तर निम्मा भाग ॲसिडच्या रूपात असतो. ५.२ ला साधारण नऊ टक्केच उरतो, आणि ६.२ ला एक टक्का. म्हणजे तोच डबा, तेच वजन, पण पीएच सातच्या जवळ गेला तर तुम्ही नुसतं मीठ घातल्यासारखं आहे. सॉर्बेट थोडं वरपर्यंत साथ देतं. पाच पीएचला त्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कामाचा असतो, म्हणून दोघं जोडीने घालायचे. सुदैवाने माणसाच्या कातडीलाही साधारण पाचच्या आसपासचाच पीएच मानवतो. डोक्याला जे बरं तेच प्रिझर्व्हेटिव्हलाही बरं, ही सोय फुकट मिळालेली आहे. साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, त्यामुळे साबण किसून केलेल्या 'शांपू'त हे दोन्ही पदार्थ फुकट जातात.

डेसिल ग्लुकोसाइड स्वतः चांगलंच अल्कधर्मी येतं, त्यामुळे ते घातल्यावर पीएच उसळतो. तो सायट्रिक ॲसिडने, म्हणजे वाण्याकडच्या लिंबूसत्वाने, पाचवर आणायचा. क्रम चुकवू नका. बेंझोएट आणि सॉर्बेट साध्या पाण्यात आधी पूर्ण विरघळू द्या, मग ग्लिसरीन, मग फेसद्रव्यं सावकाश ढवळत, आणि ॲसिड सगळ्यात शेवटी, तेही पाण्यात पातळ करून थेंबाथेंबाने. ॲसिडच्या पाण्यात बेंझोएट टाकलं तर पांढरे कण खाली बसतात. ते बेंझोइक ॲसिड असतं, पुन्हा सहज विरघळत नाही. आणि पीएच मोजायला एक ते चौदाची रंगीत पट्टी पुरत नाही, पाच आणि साडेसहा त्यात सारखेच दिसतात. साधा पीएच मीटर घ्या, बफरच्या, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणाने तो जुळवून घ्या आणि शांपू दहापट पाण्यात मिसळून मोजा.

घट्टपणा मिठाने येतो. पण मिठाला एक शिखर असतं. थोडं मीठ घातलं की शांपू दाट होतो, आणखी घातलं की आणखी दाट, आणि मग एका चिमटीनंतर एकदम पाण्यासारखा पातळ. त्यावर अजून मीठ ओतून उपयोग नाही, ते शिखरापलीकडे गेलंय. बीटेनच्या द्रावणात मुळातच मीठ असतं, त्यामुळे तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा कमीच लागतं. शंभर ग्रॅम वेगळे काढून त्यात ०.२ ग्रॅम, परत ०.२ ग्रॅम असं घालून बघा आणि शिखराच्या अलीकडेच थांबा. सुगंध बदलला की शिखरही सरकतं. म्हणून ही चाचणी सुगंध घालूनच करायची. निव्वळ ग्लुकोसाइडचा शांपू केलात तर मीठ कामच करत नाही, तिथे झँथन गमसारखा डिंक लागतो.

रिठा-शिकेकाई या शांपूत घालायचीच असेल तर बाजारात मिळणारा ग्लिसरीनमधला अर्क एक-दोन टक्के घाला. तेवढ्याने केस फार बदलत नाहीत, हे मी आधीच सांगते. पण लेबलावर नाव लिहिता येईल आणि ते खोटं नसेल.

लोशनची गोष्ट वेगळी. तिथे पाणी आणि तेल दोन्ही असतात, जंतू पाण्यात वाढतात आणि प्रिझर्व्हेटिव्ह मात्र थोडं तेलात पळून जातं. फिनॉक्सिएथेनॉल आणि पॅराबेन दोघांचीही ही खोड आहे. म्हणून तेल जास्त असलेल्या लोशनला पाण्याच्या भागात प्रिझर्व्हेटिव्ह पुरेसं राहतंय का, हे बघावं लागतं. मी फिनॉक्सिएथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण ०.९ टक्के घेते. फिनॉक्सिएथेनॉल स्यूडोमोनासवर चांगलं चालतं, बुरशीवर कमी, ती कसर एथिलहेक्सिलग्लिसरीन भरून काढतं. फिनॉक्सिएथेनॉलची वरची मर्यादा युरोपच्या नियमात एक टक्का आहे. 'टाकलं जरा जास्त' हा हिशेब इथे चालत नाही.

गटाच्या प्रशिक्षणात बहुधा स्टिअरिक ॲसिड आणि ट्रायएथेनॉलअमाइन वापरून लोशन शिकवलेलं असतं. स्वस्त पडतं, पांढरंशुभ्र होतं. पण ते मुळात साबणच असल्यामुळे पीएच आठच्या आसपास राहतो. तिथे बेंझोएट टाकणं म्हणजे पैसे फेकणं, आणि पीएच खाली आणायला गेलात तर साबण मोडून लोशन फुटतं. त्याऐवजी सेटोमॅक्रोगॉलचं इमल्सिफाइंग वॅक्स, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारं मेण, पाच टक्के घ्या, ते आंबट पाण्यात मोडत नाही. सेटोस्टिअरिल अल्कोहोल दीड टक्का, तेल आठ टक्के, ग्लिसरीन चार, ईडीटीए ०.१, बाकी पाणी. तेल निम्मं खोबरेल आणि निम्मं लिक्विड पॅराफिन धरा. सगळंच खोबरेल घेतलं तर डिसेंबरच्या थंडीत लोशन घट्ट होऊ शकतं. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळ्या भांड्यांत ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून वीस मिनिटं तसेच ठेवा, मग एकत्र करून ब्लेंडर फिरवा, चाळीसच्या आसपास गार झाल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध घाला, आणि शेवटी लॅक्टिक ॲसिडने पीएच साडेपाचवर आणा.

आणि गरम लोशन बाटलीत भरू नका. हे अनेकांना क्षुल्लक वाटतं. एका गटाच्या बाटल्या आमच्याकडे आल्या होत्या. लोशन पांढरं, छान, आणि झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या कडेला मोहरीएवढे काळे ठिपके. लोशनमध्ये काहीच नाही. झालं असं की गरम माल भरला, वाफ वर गेली, झाकणाला थेंब धरले. ते थेंब निव्वळ पाणी, त्यात प्रिझर्व्हेटिव्हचा अंश नाही. बुरशीला एवढी जागा पुरते. माल पूर्ण गार करून, कोरड्या बाटलीत, मगच झाकण.

घरच्या कोरफडीचा गर लोशनमध्ये घालू नका. कापताना येणारा पिवळा चीक कातडीला झोंबतो, आणि गर स्वतःबरोबर मातीतले जंतू घेऊन येतो. दोनशे पट आटवलेली कोरफडीची पूड मिळते, किलोला एक-दोन ग्रॅम पुरे. दूध, मध, साय यांनाही तोच नियम. आणि रंग-डिटर्जंटसाठी विकलं जाणारं आयसोथायझोलिनोन जातीचं स्वस्त प्रिझर्व्हेटिव्ह लोशनला कुणी सुचवलं तर हात जोडा. त्याची ॲलर्जी अनेकांना होते, आणि अंगावर तसंच राहणाऱ्या मालात मिथाइलआयसोथायझोलिनोनला युरोपात बंदी आहे.

बाटली पंपाची किंवा वर फ्लिप झाकणाची घ्या, तोंड रुंद नको, ओला हात आत जातो. रिकामी बाटली परत आणली की तीच भरून द्यायची, ही योजना ऐकायला छान वाटते, पण तळाशी उरलेल्या जुन्या मालावर नवा ओतला की जुनी घाण नव्या मालात जाते.

परवान्याचं तुम्ही विचारलं नाही, पण तो लागतोच. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० लागू आहेत. आपल्या बाजूला परवाना कर्नाटक सरकारकडून मिळतो. स्वयंपाकघरात बनवून विकता येत नाही, कोरडी पूडही नाही. लहान गटाला सोपी वाट म्हणजे परवाना असलेल्या युनिटकडून स्वतःच्या नावाने माल करून घेणं. युनिट कोल्हापूर-गडहिंग्लजचं असलं तरी बिघडत नाही, परवाना त्याच्या राज्याचा आणि विक्री इकडे करता येते. लेबलावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारखा आणि घटकांची यादी हवी. 'केस गळती थांबते' असं छापलंत तर ते औषध ठरतं आणि प्रकरण वेगळ्याच दारात जातं.

पहिली बॅच विकण्याआधी प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करून घ्या. त्यात मालामध्ये मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवसांत ते किती मरतात ते मोजतात. नमुना पाठवताना जो माल विकणार तोच पाठवा, त्याच बाटलीत, त्याच सुगंधासकट. सुगंध, अर्क किंवा इमल्सिफायर बदललात तर जुना रिपोर्ट फाइलला लावून चालणार नाही, टेस्ट पुन्हा करावी लागेल.