पद मिळालं, तरी आत रितं का वाटतं?

‘ताई, ज्या पदासाठी अकरा वर्षं राबलो, ते गेल्या महिन्यात मिळालं. त्या संध्याकाळी घरासमोर गाडी लावली आणि अर्धा तास गाडीतच बसून राहिलो. घरात सगळे आनंदात होते, मला मात्र आत जाववेना. स्वतःचं घर झालं, इथं कायम राहण्याची कागदपत्रं झाली. तेरा वर्षांच्या लेकीनं विचारलं, “बाबा, आता पुढे काय?” मला उत्तर सुचलं नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, नाताळ-ईस्टरला उपासनेला जातो. देवानं एवढं दिल्यावरही असं वाटतं, ही कृतघ्नता आहे का?’

प्रिय भाऊ, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

ही कृतघ्नता नाही. पवित्र शास्त्रातलं उपदेशकाचं पुस्तक काढा आणि दुसरा अध्याय वाचा. घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, तळी खोदली, सोनंरुपं साठवलं, असं तो माणूस एकेक मोजत जातो. मग आपल्या हातांच्या कामाकडे वळून पाहतो आणि म्हणतो, सगळं व्यर्थ. हे हरलेल्या माणसाचं बोलणं नव्हे. मनात आणलेलं सगळं ज्याला मिळालं, तो हे बोलतो आहे. तुम्ही गाडीत बसलात तो अर्धा तास त्याच्या ओळखीचा आहे.

परदेशात राहणाऱ्यांच्या यशावर आणखी एक ओझं असतं, असं मला वाटतं. आईवडिलांना मागे ठेवून आलो, भावंडांची सुखदुःखं फोनवर ऐकली, काहींच्या अंत्यविधीलाही पोहोचता आलं नाही. एवढं सोडल्याचं सार्थक व्हावं म्हणून प्रत्येक बढतीकडे आपण साक्षीपुरावा मागतो, की येण्याचा निर्णय बरोबर होता. एवढा भार कुठल्या नोकरीला पेलणार? म्हणून पद मिळतं आणि मन शांत होत नाही.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनकथेत, पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो. आकाशवाणी होते: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काच्या सांगण्यात येशूनं तोवर एकही आजारी बरा केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. पसंती आधी, काम नंतर. आपण आयुष्यभर याच्या उलट जगतो. आधी करून दाखवायचं आणि मग कुणीतरी आपल्याला पसंत करेल याची वाट पाहायची. ख्रिस्ताच्या ठायी देवानं आपल्याला लेकरू म्हणून स्वीकारलं आहे, हे एकदा काळजात उतरलं की काम कामापुरतं राहतं, त्याच्याकडे जीव मागावा लागत नाही.

पण चर्चला जास्त वेळा जायला लागलात की हे आपोआप होईल, असं सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. पंडिता रमाबाईंचं पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत त्यांचं नाव झालं, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उभी राहिली. आणि एवढ्या सगळ्यानंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं गेली. त्यानंतरच्या दुष्काळांत त्यांनी निराधार मुलींना जवळ केलं, केडगावला मुक्ती मिशन वाढवलं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक गेल्यावरही ते भाषांतर थांबलं नाही. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. टाळ्यांवर जगणाऱ्या माणसाला हे झेपलं नसतं.

म्हणून आधी ख्रिस्ताशी ओळख वाढवा. मार्काचे सोळा अध्याय आहेत. आठवड्याला एक, घरात सगळ्यांनी मिळून, मराठीतून वाचा. लेकीला मराठी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा, ती तिच्या भाषेत प्रश्न विचारेल. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. मग काही क्षण गप्प बसा आणि साध्या शब्दांत प्रार्थना करा. त्या दिवशी बढती मागू नका.

आमच्या प्रार्थनासभांमध्ये साक्षी होतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोक सांगतात, तेव्हा मला एक गोष्ट खुपते. व्हिसा मिळाला, घर मिळालं, मुलाला प्रवेश मिळाला, यांबद्दलच धन्यवाद. धन्यवाद द्यावेतच. पण ज्याचा व्हिसा नाकारला गेला तो मागच्या बाकावर बसून काय समजत असेल? देव त्याच्यावर नाराज आहे, असंच ना? प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं ते तुरुंगातून, आणि ते पत्र आनंदानं भरलेलं आहे. तुमच्या मंडळीत नोकरी गेलेलं एखादं कुटुंब असेल. त्यांच्याकडे जा, बसा, ऐका. परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा, असं येशूनं लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात सांगितलं आहे. तुमच्या रितेपणावर मला माहीत असलेलं हेच सर्वांत खरं औषध आहे.

एक मात्र विचारते. झोप उडाली आहे का? जगणंच नकोसं वाटतं का? तसं असेल तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा, उशीर न करता. त्यानं तुमचा विश्वास कमी ठरत नाही.

आणि लेकीचा प्रश्न तसाच ठेवू नका. गाडीतल्या त्या अर्ध्या तासाबद्दल तिला सांगा. बाबांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून बाबा शोधताहेत, असं सांगा आणि मार्काचा पहिला अध्याय तिलाच उघडायला द्या.