वाचकांचे प्रश्न : उपासमारीत पुस्तकं कशाला?

प्रश्न : माझा नातू शाळेसाठी अमेरिकेतल्या महामंदीवर लिहितो आहे. तेव्हा तिथल्या सरकारने घोड्यावरून पुस्तकं वाटायला बायका नेमल्या होत्या म्हणे. लोकांची खायची मारामार आणि खर्च पुस्तकांवर, हे मला पटत नाही.
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सप्रेम नमस्कार. माझी हयात ग्रंथालयात गेली, म्हणून हातातलं काम टाकून आधी तुम्हाला लिहायला बसले.

खर्च पुस्तकांवर नव्हताच हो, तो चुलीवर होता. १९३३ मध्ये तिथे चारातल्या एकाला काम नव्हतं, हजारो बँका बुडाल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन) ही योजना काढली ती हाताला काम आणि कामाचा पगार द्यायला. कुणी रस्ते बांधले, कुणी शाळा. केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात पुस्तकं पोचवणाऱ्या बायकांना महिना २८ डॉलरच्या आसपास मिळत आणि त्यावर घरं चालत. घोडा किंवा खेचर मात्र स्वतःचं, नाहीतर भाड्याचं. पुस्तकं लोकांनी दिलेली, बरीचशी जुनी. रस्ता नसे तिथे ओढ्याच्या पात्रातूनच जायचं.

मला सगळ्यात भावतात त्यांच्या चिकटवह्या. मासिकाच्या पार चिंध्या झाल्या, की त्यातली धड राहिलेली पानं, चित्रं, पाककृती कापून वहीत डकवायची. गावातल्या बायका आपल्या घरच्या पाककृती आणि गोधडीचे नमुने त्यात घालायला देत. ती वही मग पुढच्या खोऱ्यात जाई. पानं दुमडू नयेत म्हणून खुणेला नाताळची जुनी कार्डं! दाभण-दोऱ्याने पुस्तकं शिवण्यात, खळ लावून पानं जोडण्यात माझेही दिवस गेलेत. त्या बायकांची धडपड मला अगदी आतून कळते. चित्रांच्या पुस्तकांना फार मागणी असे, कारण कित्येक घरांत मोठ्यांना अक्षरओळख नव्हती. पोरं वाचत आणि आईबाप ऐकत. शहरांतही वाचनाची अशीच ओढ दिसली. ग्रंथालयांचं अनुदान कापलं गेलं आणि वाचणारे मात्र वाढले, कारण बेकार माणसाला पैसे न मोजता बसता येईल अशी दुसरी जागा कुठली?

नातवाला आपल्या बडोद्याचंही सांगा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं, आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मात्र इथे राजाची तिजोरी मागे होती. केंटकीत पगार सरकारचा असला, तरी बाकीचं बरंचसं गरिबांनी गरिबांसाठी उभं केलं, म्हणून मला ते जास्त मोठं वाटतं.

१९४३ मध्ये अमेरिकेतली ती योजना गुंडाळली, कारण युद्धामुळे कामं मिळू लागली होती. बायकांचा पगार थांबला आणि पुस्तकंही थांबली. पुन्हा त्या डोंगरांत सरकारी मोटारीतून पुस्तकं फिरू लागली ती थेट पन्नासच्या दशकात. मधल्या वर्षांत वाढलेल्या पोरांचा विचार मनात आला, की मला फार वाईट वाटतं.