शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

प्रश्न : मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकते. अमेरिकेतील काही विद्यापीठांत पदवी प्रवेशासाठी अर्ज करणार आहे. त्यांत एमआयटीही आहे. रसायनशास्त्रात मला वर्गात सर्वाधिक गुण आहेत, पण सरांशी कधी बोलणे झालेले नाही. भौतिकशास्त्रात गुण बेताचे आहेत. अकरावीत स्क्रू गेजची शून्य त्रुटी धरायची राहिली म्हणून मॅडमनी माझा प्रयोग दोनदा परत पाठवला आणि वर्ग सुटल्यावर थांबून मी तो तिसऱ्यांदा केला. उपप्राचार्य सर बाबांच्या परिचयाचे आहेत, क्लासचे सरही नावाजलेले आहेत. शिफारसपत्रे कोणाकडे मागावीत?

उत्तर : पहिले पत्र भौतिकशास्त्राच्या मॅडमकडे मागावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तुमचे गुण गुणपत्रिकेत दिसणारच आहेत; तेच पुन्हा सांगणाऱ्या पत्राने प्रवेश समितीच्या हाती नवे काही पडत नाही. चूक दाखवल्यावर मुलगी कशी वागली, कंटाळली की पुन्हा मोजायला बसली, हे मात्र ज्यांनी प्रयोगशाळेत उभे राहून पाहिले त्यांनाच लिहिता येते. मी स्वतः काही वर्षे शिकवत असताना, ज्या विद्यार्थ्यांची केवळ हजेरीपटावरून ओळख होती त्यांच्याविषयी ‘मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक’ यापलीकडे मला काही लिहिता आले नाही, आणि त्याची खंत आजही वाटते.

एमआयटी एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे आणि दुसरे भाषा, समाजशास्त्रे वा तत्सम विषयांच्या शिक्षकांचे मागते. त्यामुळे दुसऱ्या पत्रासाठी रसायनशास्त्राच्या सरांचा विचार सोडून, ज्यांनी तुमचे निबंध तपासले आणि वर्गात ज्यांच्याशी तुमची चर्चा झाली, अशा इंग्रजीच्या शिक्षकांकडे जावे. क्लासच्या सरांचे पत्र या दोहोंची जागा घेऊ शकत नाही. उपप्राचार्यांना मात्र वगळू नका, कारण अमेरिकेतील अनेक विद्यापीठे ज्या सामायिक ऑनलाइन अर्जातून प्रवेश-अर्ज घेतात त्या ‘कॉमन अ‍ॅप’मध्ये संस्थेतर्फे भरायचा एक वेगळा अहवाल असतो, आणि समुपदेशक नसलेल्या आपल्याकडच्या महाविद्यालयांत तो प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात.

कोणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. ते पत्र शिक्षकांनी स्वतः लिहून, स्वतःच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून पाठवायचे असते. ते पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडणार का, असेही अर्जात विचारले जाते. तो सोडावा, म्हणजे शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाऱ्यांचाही त्यावर विश्वास बसतो.

लवकर अर्ज करण्याच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरच्या सुमारास असते. आपल्याकडे तेव्हा सत्र परीक्षेचे पेपर तपासणे आणि दिवाळीची सुट्टी एकत्र येते, म्हणून ऑगस्टमध्येच प्रत्यक्ष भेटून विचारावे. विचारताना ‘माझ्याविषयी सविस्तर लिहिण्याइतकी माझी ओळख आहे, असे आपल्याला वाटते का?’ असे म्हणावे, म्हणजे नाही म्हणायचे असेल त्यांनाही ते अवघड जात नाही. मॅडमकडे जाताना अकरावीचे जर्नल सोबत न्या आणि त्या प्रयोगाचे पान उघडून दाखवा. वर्षाकाठी शेकडो जर्नले तपासणाऱ्या शिक्षकांना एखादे पान आपणहून आठवेलच असे नाही, पण स्वतःच्या लाल शाईतला शेरा पाहिला की ती दुपार आठवते.