भाषा येत नसली तरी 'अर्शिन माल अलान' जरूर पाहा, आणि १९४५चाच पाहा

लोकसंगीतावर उभ्या असलेल्या जुन्या विनोदी संगीतिकेवरचा सिनेमा भाषा येत नसताना पाहावा का, आणि पाहायचा तर कोणता, असं तुम्ही विचारलंय. जरूर पाहा. सुरुवात अझरबैजानच्या 'अर्शिन माल अलान'पासून करा.

मूळ संगीतिका उझेयिर हाजीबेयोव यांची. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. पहिला प्रयोग १९१३ साली बाकूत झाला. गोष्ट इतकी सरळ आहे की सबटायटल्स बेताची असली तरी अडत नाही. अस्कर हा श्रीमंत तरुण व्यापारी. लग्न करायचंय, पण मुलगी आधी पाहून, आणि तो काळ बायकांनी पडद्यात राहायचा. त्याचा मित्र सुलेमान युक्ती सांगतो: कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाक आणि फेरीवाला हो. फेरीवाल्याला घराच्या अंगणात मज्जाव नसतो, बायका त्याच्यासमोर येऊन कापड बघतात. अस्कर आरोळी देत दारोदार फिरतो आणि सुलतान बेच्या अंगणात त्याला त्याची मुलगी गुलचोहरा दिसते.

माझ्या मते सगळा सिनेमा या सुलतान बेसाठी पाहावा. विधुर माणूस, स्वतःला दुसरी बायको हवी आहे. फेरीवाल्याची जहान नावाची मावशी विधवा आहे हे कळताच तो खुलतो. फेरीवाल्याची मावशी घरात आणायला त्याची काही हरकत नाही. पण तोच फेरीवाला त्याच्या मुलीला मागणी घालतो तेव्हा मात्र याचं घराणं, प्रतिष्ठा सगळं जागं होतं! स्वतःला एक न्याय आणि मुलीला दुसरा. हे कुणी भाषण करून सांगत नाही, प्रसंगांतूनच दिसतं. आपल्याकडे अशी माणसं आपण इतकी पाहिलीत की ओळख पटायला भाषा लागत नाही.

आता गाण्यांबद्दल. हाजीबेयोव यांनी १९०८ च्या 'लैला-मजनू' ऑपेरात मुघम, म्हणजे तिकडची रागदारीसारखी परंपरा, थेट रंगमंचावर आणली होती. इथे मात्र लोकगीताच्या वळणाची छोटी, लगेच ओठांवर बसणारी गाणी आहेत. पडद्यावर अस्कर झालेत गायक रशीद बेहबुदोव. आवाज तलम आणि उंच, पण जोर लावल्यासारखा कुठेही वाटत नाही. जहानच्या भूमिकेत मुनव्वर कलंतरली आहेत, त्याही मुळात मुघम गाणाऱ्या. भूमिका करणारे स्वतःच गाणारे असले की गाणं संवादातून सहज उगवतं, तो फरक कान लावून ऐका.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. १९१३ च्या त्या प्रयोगात गुलचोहराची भूमिका पुरुषाने केली होती, अहमद अगदामस्की यांनी. त्याच वर्षी आपल्याकडे बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९४५ च्या सिनेमात लैला बदिरबेयली गुलचोहरा झाली आहे. बाईचा चेहरा बघता यावा यासाठी रचलेली ही गोष्ट, आणि पहिल्या प्रयोगात रंगमंचावर बाईच नाही. हे माहीत असलं की अंगणातला प्रसंग वेगळाच भिडतो, निदान मला तरी.

दिग्दर्शन रझा तहमासिब आणि निकोलाय लेश्चेन्को यांचं. १९४६ मध्ये सिनेमाला सोव्हिएत सरकारचा स्टालिन पुरस्कार मिळाला, पण प्रचारपट असेल म्हणून टाळू नका. १९६५ ची आवृत्तीही आहे, ती नंतर बघा. पाहताना नोकर वली आणि दासी तेल्ली यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. मालक लोक घराण्याचा घोळ घालत असताना या दोघांचं आपापसात कधीचंच जमलेलं असतं, आणि शेवटच्या चार लग्नांपैकी एक त्यांचंही आहे.