पैसा कुठून येतो, ते आधी विचार

मुली,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि झोप उडाली. तुमच्या वर्गात पाहुणे म्हणून आलेले ते वाहिनीवाले साहेब म्हणाले की सार्वजनिक प्रसारण, म्हणजे लोकांच्या पैशातून चालणारं आकाशवाणी-दूरदर्शन, हे करदात्यावरचं ओझं, लोकांना हवं ते बाजार देतोच, निवड प्रेक्षकाच्याच हाती असते, आणि फुकट बातम्या वाटणारा असा स्पर्धक असला की खऱ्या पत्रकारितेचा गळा आवळला जातो. तुला ते पटलं. आता आकाशवाणीच्या वृत्त विभागातल्या नैमित्तिक कामासाठी अर्ज करायचा की त्यांच्या वाहिनीत जायचं, या घोळात तू पडली आहेस. तुझ्यावर मी रागावलेलो नाही. साठ-सत्तर पोरं बसलेल्या त्या वर्गात एकानेही उठून विचारलं नाही की साहेब, तुमचा पैसा कुठून येतो? राग त्याचा आला.

कारण हे भाषण जुनं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये एडिंबराच्या टेलिव्हिजन महोत्सवात जेम्स मरडॉक यांनी ते केलं होतं. वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांचे बडे मालक रूपर्ट मरडॉक यांचे हे चिरंजीव. बीबीसीचा पसारा आणि महत्त्वाकांक्षा धडकी भरवणारी आहे, सरकारी आधारावर फुकट बातम्या वाटल्या तर स्वतंत्र पत्रकारिता जगणार कशी, असा त्यांचा सवाल होता. शेवटचं वाक्य तर गाजलंच: स्वातंत्र्याची एकमेव टिकाऊ हमी म्हणजे नफा. ऐकायला तत्त्वज्ञान वाटतं. आता पुढच्या तारखा बघ. २०१० च्या उन्हाळ्यात मरडॉक कुटुंबाच्या ‘द टाइम्स’ने आपली वेबसाइट पैसे भरणाऱ्यांपुरती बंद केली. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या कंपनीने बीस्कायबी या ब्रिटनमधल्या उपग्रह-वाहिन्यांच्या कंपनीचे उरलेले ६१ टक्के समभाग विकत घ्यायचा प्रस्ताव मांडला. ज्याला उद्यापासून बातमी विकायची आहे, त्याला शेजारी चांगली बातमी फुकट मिळते हे खुपणारच. खुपण्यात गुन्हा नाही. पण ते धंद्याचं दुखणं आहे, आणि ते लोकशाहीचं दुखणं म्हणून सांगितलं जातं. म्हणून म्हणतो, पैसा कुठून येतो ते आधी विचार.

वीस वर्षं आधी, १९८९ मध्ये, त्याच महोत्सवात वडील रूपर्ट मरडॉक बोलले होते. ब्रिटिश टेलिव्हिजन मूठभर उच्चभ्रूंच्या आवडीवर चालतं, निवड प्रेक्षकाच्या हाती द्या, असा त्यांचा सूर होता. त्यात तथ्य होतं, मी नाकारत नाही. पण त्यांचं स्काय टेलिव्हिजन त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालं होतं, हे त्या सुराबरोबर ऐकायला हवं. चार वर्षांनी त्यांनी आशियातल्या स्टार टीव्हीचा ताबा घेतला आणि उपग्रह वाहिन्या हुकूमशाह्यांना धोका आहेत असं लंडनमध्ये जाहीर भाषणात सांगितलं. चीनने महिन्याभरात खाजगी डिश अँटेनांवर बंदी घातली. १९९४ मध्ये स्टारच्या चीनकडच्या प्रक्षेपणातून बीबीसीची वृत्तवाहिनी काढून टाकली गेली. बीजिंगची मर्जी राखायचा हेतू त्यामागे होता, हे पुढे मरडॉक यांनीच मान्य केलं. स्वातंत्र्याची हमी नफा देतो म्हणतात ना? नफ्याच्या आड स्वातंत्र्य आलं तेव्हा कोण गेलं, ते बघ. २०१२ मध्ये जेम्सची बहीण एलिझाबेथ त्याच व्यासपीठावर उभी राहिली आणि ध्येयाशिवाय नफा म्हणजे विनाशाला आमंत्रण, असं म्हणाली. आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, मरडॉक यांच्या पत्रातले लोक इतरांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकत होते हे फोन हॅकिंगचं प्रकरण फुटलं होतं, ते १६८ वर्षांचं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ बंद करावं लागलं होतं आणि बीस्कायबीचा प्रस्तावही मागे घ्यावा लागला होता.

हे सगळं विलायतेतलं, आपला काय संबंध, असं म्हणशील. आपल्याकडेही तेच आहे, फक्त इथे असं भाषण एडिंबराला जाऊन करावं लागत नाही.

२०१३ च्या दुष्काळात मी मुंबईत एका खाजगी वाहिनीच्या डेस्कवर होतो. आठवड्याचे टीआरपी आले की बैठक व्हायची. पांढऱ्या फळ्यावर दोन रकाने असायचे, मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र. हा उर्वरित महाराष्ट्र म्हणजेही शहरंच, कारण खेड्यात प्रेक्षक मोजणारे मीटर नव्हतेच. बीड जिल्ह्यातली टँकरची बातमी माझ्याकडे तयार होती. रात्री दोनला टँकर येतो, बायका हंडे घेऊन रांगेत झोपलेल्या, त्यांच्या पायाशी पोरं. वरिष्ठांनी ती पूर्ण बघितली, चांगली झाली आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवली. “तिथे मीटर नाही रे.” माणूस वाईट नव्हता. त्याचा पैसा जाहिरातदाराकडून येत होता आणि जाहिरातदार मीटर बघून पैसे देत होता. मी ती नोकरी सोडली. घरच्यांनी वेडेपणा म्हटलं, मित्रांनी अहंकार म्हटला. माझ्या बरोबरीचे आज संपादक आहेत, त्यांची घरं मोठी आहेत, आणि कधीकधी रात्री तो हिशेब मलाही टोचतो. तरी पुन्हा सोडीन. ज्या बातमीला गिऱ्हाईक नाही ती द्यायची सोय कुठेतरी असलीच पाहिजे, हे मला त्या फळ्याने शिकवलं आणि ते मी कुणाच्याही सांगण्यावरून विसरणार नाही.

आता पुढचा पुरावा ऐक. ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यातले आकडे मोजले जाऊ लागले. दूरदर्शनची फ्री डिश, म्हणजे घरावरच्या छत्रीतून वाहिन्या दाखवणारी सेवा, महिन्याला एक पैसा न घेता गावोगाव पोचलेली होती. आकडे दिसताच मोठ्या कंपन्यांच्या मनोरंजन वाहिन्यांना तिच्यावर जागा आणखीच हवीशी झाली, लिलावात कोट्यवधी मोजून त्यांनी ती घेतली. २०१९ मध्ये वाहिन्यांच्या दरांची नवी प्रणाली आली, आणि फुकट बघणारा प्रेक्षक पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाला खातो असं वाटून त्याच वाहिन्या तिथून उठून गेल्या. २०२० मध्ये परतल्या. या सगळ्यात खेड्यातल्या बाईला काय हवं होतं, हे कुणी विचारलं? निवड प्रेक्षकाच्या हाती असते असं तुमचे साहेब म्हणाले होते. तिच्या हातात फक्त रिमोट होता.

आणि २०१७ चा निकाल वाच. महत्त्वाच्या क्रीडा सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं असा २००७ चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणात आणि फ्री डिशवर दिसेल, केबलवाल्याला पुढे देता येणार नाही. कोट्यवधी मोजून हक्क घेणाऱ्या कंपनीची बाजू मला कळते. सामना कुणाला बघता यावा हा लढाच पैशाचा आहे, एवढं तू समजून घे.

आता तू म्हणशील, काका, दूरदर्शन तरी सरकारचंच ऐकतं ना? ऐकतं. मला ते झोंबतं. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमलात यायला १९९७ उजाडलं, आणि पैशाची दोरी आजही केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाच्या हातात आहे. इथेही तोच प्रश्न विचार: पैसा कुठून येतो? पण म्हणून ते विकून टाका, हे उत्तर कसं झालं? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. सरकारच्या मुठीत त्या नकोत आणि पैसेवाल्याच्या मुठीतही नकोत, त्या स्वायत्त सार्वजनिक संस्थेच्या देखरेखीखाली असाव्यात. ते काम अर्धवट राहिलं आहे, आणि ते तुझ्या पिढीच्या गळ्यात पडणार आहे. साहेबांची टाळ्या घेणारी वाक्यं पाठ करून ते होणार नाही, हे जरा लक्षात घे.

खाजगीत गेलीस तरी माझा आशीर्वाद आहे, मनापासून. तिथेही सच्ची माणसं आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे. फक्त मुलाखतीत पगाराच्या आधी तीन गोष्टी विचार: वाहिनीचे मालक आणखी कुठले धंदे करतात, सर्वांत मोठे जाहिरातदार कोण, आणि गेल्या वर्षभरात त्यांच्यापैकी कुणाविरुद्ध एखादी बातमी चालली का. उत्तरं लिहून घे. आकाशवाणीच्या मुलाखतीलाही जा, आणि तिथे विचार की मंत्र्याची बातमी पहिली घ्यायची हे कोण ठरवतं. दोन्हीकडची उत्तरं घेऊन रविवारी घरी ये, तुझ्या काकूने जेवायला बोलावलं आहे. अर्जाची मुदत मात्र शुक्रवारी संपते, तेवढा अर्ज आधी टाक.

तुझा,
काका